घभघभ

शाळेनं दिलेल्या यादीत तिसऱ्या ओळीला ‘पत्र्याची ट्रंक, कुलपासह’ असं होतं. बेळगावच्या खडेबाजारातनं ट्रंक आणली आणि माझ्यातल्या पेंटरला राहवेना. खानापुरात माझं बोर्ड रंगवायचं दुकान आहे. बावीस वर्षं हाच धंदा. नऊ वर्षांचं पोरगं पहिल्यांदाच घराबाहेर राहायला निघालंय, चार ट्रंकांत त्याची ट्रंक उठून दिसली पाहिजे, म्हणून दोन रात्री बसलो. वर कन्नडमध्ये नाव, खाली मराठीत, पिवळ्यावर लाल, डाव्या अंगाला काळी शेड, कोपऱ्यात मोर. बायको म्हणाली, “रुखवत हाय काय हे?”

शाळेत पोचल्यावर वॉर्डननी ट्रंक बघितली, मान डोलावली आणि अगदी साधेपणानं विचारलं, “चलो ऐती, छान आहे. पण हे वाचणार कोण?”

अंध मुलांच्या वसतिगृहात मी तीन रंगांत नाव रंगवून आणलं होतं.

त्यांनी खिशातनं सुतळी काढली, तिला तीन गाठी मारल्या आणि ट्रंकेच्या कडीला बांधली. मग “बा, बा,” म्हणजे कन्नडमध्ये ‘ये, ये’ करत पोराला जवळ घेतलं आणि त्याचा हात त्या गाठींवर ठेवला. “मूरु. तीन. ही तुझी.” नंतर नीट बघितलं तर खोलीतल्या प्रत्येक ट्रंकेला काहीतरी बांधलेलं होतं. एकीला शर्टाचं बटण, एकीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, एकीला वासराच्या गळ्यातली घंटी. रंग मात्र कुठल्याच ट्रंकेला धड नव्हता.

माझं पोरगं तसं बघायला गेलं तर आंधळं नव्हतं. अजूनही पुरतं नाही. सगळा घोळ तिथंच झाला.

२०२४ साल आमच्या धंद्याला चांगलं उजाडलं. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे असा कायदा झाला आणि फ्लेक्सवाल्यांनी मारून टाकलेला आमचा धंदा महिना-दोन महिने परत उठून बसला. मराठी अक्षरं बारीक करा, कन्नड मोठी करा, हे वर घ्या, ते खाली घ्या. टेप लावून साठ-चाळीस मोजायचं. कुणी तावातावानं करून घ्यायचं, कुणी कटकट नको म्हणून. मी दोन्ही अक्षरं काढतो. शिरोरेषेला पट्टी लागते आणि कन्नडच्या गोलाईला मनगट लागतं, एवढाच फरक ब्रशला ठाऊक. कन्नड अक्षर मी कितीही देखणं काढीन, पण चार ओळी सलग वाचायला दिल्या की अडखळतो. पेंटरचं शिक्षण असंच असतं.

संध्याकाळी शिडी धरायला पोराला बरोबर न्यायचो. एके दिवशी त्यानं भरल्या डब्यात पाय घातला. लाल ऑइल पेंट, लिटरभर, रस्त्यावर. मी कानाखाली दिली. “डोळं काय खिशात ठिवलास?” तो रडला नाही. वाकून डब्याकडं बघत राहिला. मला वाटलं, बघा, आता बरा दिसतोय.

तोच पोरगा आईला सुईत दोरा ओवून द्यायचा. पेपरातल्या बारीक टायपातल्या जाहिराती आज्जीला वाचून दाखवायचा. सुई दिसते आणि बादली दिसत नाही, हे कुणाला खरं वाटेल? त्याच्या वर्गातल्या गुरुजींनाही वाटलं नाही. फळ्यावरची ओळ हरवते म्हणाला तर ‘नाटकं करतो’ म्हणून छड्या मिळाल्या. दिवेलागणीनंतर तो अंगणात उतरेना, तेव्हा आज्जीनं निकाल दिला की रातांधळं झालंय, गाजर द्या. दोन महिने गाजराची कोशिंबीर, गाजराची भाजी, गाजराचा हलवा. शेवटी शेजारच्या घरातलं जेवण बदलून मागायची वेळ आली.

बेळगावात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला एका मशीनपुढं बसवलं. आतनं पांढरी, मोठ्या करवंटीसारखी पोकळी. हनुवटी टेकायची, मधल्या खुणेकडं बघत राहायचं, आणि आजूबाजूला कुठंही उजेडाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. खोलीत अंधार. मी मागं स्टुलावर. बटणाचा टक् आवाज यायचा. टक्. मग बराच वेळ काही नाही. परत टक्. परत शांत. मला वाटलं मशीन बंद पडलं. “चालू हाय न्हवं?” म्हणून मी विचारलं. स्क्रीनसमोरच्या बाई म्हणाल्या, “चालू आहे. ठिपके पडतायत.”

त्यानंतर मी काही विचारलं नाही.

कागद छापून आला तो सगळा काळा, मधोमध पांढरा डाग, चार आण्याच्या नाण्याएवढा. रेटिनायटिस पिगमेंटोसा. डॉक्टरांनी समजावलं ते असं: डोळ्याच्या पडद्याच्या कडेला ज्या पेशी अंधारात काम करतात त्या आधी मरतात. म्हणून रात्रीचं दिसणं पहिलं जातं, मग बाजूचं, आणि मधलं बराच काळ टिकून राहतं. पोरगं जग नळीतनं बघत होतं. नळीत सुई आली तर सुई दिसणार. बादली नळीच्या खाली राहिली. “नात्यात लग्न झालंय का?” डॉक्टरांनी विचारलं. झालंय. माझ्या मामाची मुलगी. आमच्याकडं त्यात विचारण्यासारखं काही नसतं, त्यामुळं उत्तर पटकन दिलं, आणि ते का विचारलं हे बसमध्ये बसल्यावर डोक्यात शिरलं. वाटेतलं मच्छे गाव जाईपर्यंत बायको गप्प होती. मग म्हणाली, “आत्यानंच हौसेनं आणलेली मला. तिला कारण सांगू नका.” आजतागायत सांगितलेलं नाही. आई अजून गाजरावरच आहे.

दाखल्याचं लांबड लावत नाही, पण थोडं सांगितलं पाहिजे, कारण नवीन माणूस तिथंच दमतो. आधी ऑनलाइन सेंटरवरनं यूडीआयडीचा, म्हणजे अपंगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज भरायचा. आधार, फोटो, रिपोर्ट जोडायचे. मग सरकारी दवाखान्यात ठरलेल्या वारी तपासणीला जायचं. पहिल्या खेपेला डॉक्टर रजेवर. दुसऱ्या खेपेला नेट नाही. तिसऱ्या खेपेला त्या काळ्या कागदाची झेरॉक्स होती, मूळ कागद घरी. आणि त्या झेरॉक्समध्ये मधला पांढरा डागही काळा झालेला! चौथ्या खेपेला टेबलामागच्या माणसानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट केलं. “वाच बघू.” पोरानं बारीक तिथीसकट वाचलं. “अहो, मग ह्याला काय झालंय?” असं म्हणून त्यानं फाइल बाजूला सारली. पोरगं खूश, शाबासकी मिळाल्यासारखं. मागं वळलं आणि स्ट्रेचरला धडकलं.

आतल्या डॉक्टरांना दोन मिनिटं लागली. २०१६ च्या कायद्यात नजर किती तीक्ष्ण आहे एवढंच धरत नाहीत. दिसण्याचा कोन १० अंशांच्या खाली गेला तर तेही अंधत्वच. हे मला त्यांनीच सांगितलं. सवलतींना ४० टक्क्यांची अट असते, आमचा आकडा त्याच्या बराच वर होता. काय विचित्र असतंय बघा, आकडा जास्त निघाला म्हणून मला हायसं वाटलं, आणि जिना उतरताना त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

त्या चार खेपांत तिकिटांची मात्र गंमत होती. बायकोला शक्ती योजनेचं, म्हणजे बायकांच्या मोफत प्रवासाचं, शून्य तिकीट, पोराचं अर्धं, माझं पूर्ण. पुढं पोराचाही मोफत पास झाला. आता घरात तिकीट काढणारा मी एकटाच उरलोय.

गावातल्याच शाळेत ठेवायचं की अंधशाळेत घालायचं, हा निर्णय कायद्यानं आमच्यावर सोडला आहे. ६ ते १८ वयाच्या अशा मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जिथं म्हणाल तिथं फुकट शिकायचा हक्क आहे. तालुक्याच्या बीआरसीतनं, म्हणजे शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्रातनं, येणाऱ्या विशेष शिक्षिका म्हणाल्या, “मी गावच्या शाळेत येईन, पण रोज नाही येऊ शकणार. ब्रेल रोजच्या सरावाशिवाय बसत नाही. आणि आत्ता दिसतंय तोवर शिकलेलं बरं.”

मला खुपत होतं ते वेगळंच. बेळगावची ती शाळा कन्नड माध्यमाची. आमच्या घरात मराठी, गल्लीत मराठी, पोरगं तिसरीपर्यंत सरकारी मराठी शाळेत. आणि आता आपल्या हातानं त्याला कन्नडमध्ये घालायचं? सीमाभागात ह्याचा अर्थ काय होतो ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. १९५६ पासनं आमच्या मागच्या दोन पिढ्या ह्याच अक्षरांसाठी रस्त्यावर आल्या. माझ्या वडिलांनी मोर्चाचे फलक रंगवलेत, फुकट. शेजारचे काका म्हणाले, “कोल्हापूरला घाल. लांब असलं तरी मराठी तरी राहील.” चार दिवस मी तसंच धरून बसलो होतो. मग बायकोनं एकच विचारलं, “ताप आला तर कोल्हापूरला कितीला पोचशीला?” बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर. भाषेचा प्रश्न सुटला नाही, अंतरानं त्याला मागं ढकललं, एवढंच.

प्रवेशाच्या दिवशी ब्रेल शिकवणारे सर भेटले. स्वतः जन्मांध, वय पन्नाशीचं, धारवाडकडचं कन्नड. मोडकं मराठी, पण बोलायची हौस दांडगी. “बर्री, कुंद्री,” म्हणाले, म्हणजे या, बसा. मी काय करतो ते विचारलं. पेंटर म्हटल्यावर माझा हात मागितला, बोटांची टोकं चाचपली आणि हसले. “टर्पेंटाइन. तुमची बोटं मेलेली आहेत.”

टेबलावर अंड्यांच्या ट्रेचा एक तुकडा होता, सहा खळग्यांचा, दोन रांगा. शेजारी वाटीत चिंचोके. डावीकडं वरनं खाली एक, दोन, तीन. उजवीकडं चार, पाच, सहा. सरांनी पहिल्या आणि तिसऱ्या खळग्यात चिंचोका ठेवला, पोराचं बोट त्यावर नेलं. “हा क.”

मी न राहवून विचारलं, “मराठी क की कन्नड क?”

सर थांबले. मला वाटलं चुकीच्या ठिकाणी चुकीचं विचारलं. पण ते खुर्चीत मागं रेलून मोठ्यानं हसले. “तुमचे बोर्डवाल्यांचे दोन क. आमच्याकडं एकच आहे.”

मग त्यांनी सांगितलं. आधी आपल्याकडं ब्रेलच्या वेगवेगळ्या पद्धती होत्या; १९५१ साली भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरलं. आवाज एक तर ठिपके एक. मराठी असो, कन्नड असो, क म्हटलं की पहिला आणि तिसरा ठिपका. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे, म्हणून त्यांच्या दोन खुणा जास्त, बाकी बहुतेक सगळं सारखं. सहा ठिपक्यांच्या मिळून ६३ खुणा होतात आणि तेवढ्यात सगळं बसतं. जोडाक्षराच्या आधी एक ठिपका देऊन कळवायचं की पुढचं अर्धं आहे. काना-वेलांटी असला प्रकारच नाही. स्वर व्यंजनाच्या पुढं जसाच्या तसा मांडायचा. हे ऐकून माझ्यातला पेंटर जरा दुखावला. ‘कि’ काढताना आधी वेलांटीची जागा सोडायची, मग क काढायचा, मग मागं येऊन वेलांटी वळवायची, ही आमची निम्मी कला. इथं आपलं बोलतो त्या क्रमानं क आणि इ.

मी टेबलावरचं एक जाड पुस्तक उचललं. पांढरे कागद, त्यावर पांढरेच फोड. कुठल्या भाषेतलं आहे ते मला सांगता येईना. साठ-चाळीस कसं मोजणार इथं, असं मनात आलं, पण बोललो नाही.

पोराला मागं सोडून निघताना काय झालं ते सगळ्या आईबापांचं सारखंच असतं, ते सोडून देतो.

दुसऱ्या रविवारी भेटायला गेलो तर पोरगं फुगलेलं. मला वाटलं घरची आठवण. “रडूलालास काय रे?” तर म्हणे, “सर मला वाचूच देईनात.” झालं होतं असं की खोलीतली बाकीची पोरं बोटांनी ठिपके चाचपत होती, आणि हा खिडकीशी कागद तिरका धरून ठिपक्यांची सावली डोळ्यांनी वाचत होता. चार दिवसांत बाराखडी पाठ. वर्गात पहिला! सरांना आधी संशय आला, कारण नवीन पोराचं बोट एवढं पळत नाही. मग त्यांनी कान दिला. बोट कागदावरनं फिरतं तेव्हा खसखस असा बारीक आवाज येतो. ह्याचा आवाजच येत नव्हता.

तेव्हापासनं त्याच्या हातांवर टॉवेल. टॉवेलाखाली कागद, कागदावर बोटं, आणि आधी येत असलेलं सगळं परत शून्यावर. ब आणि क ओळखायला पंधरा दिवस लागले. मला पोराची कीव आली. मी सरांना म्हटलं, “थोडं दिसतंय तर थोडं बघू दे की.” ते म्हणाले, “दिसतंय तोवर बोटं आळशी राहतात. डोळे गेल्यावर शिकायला बसला तर दोन्ही गोष्टी एकदम सोसायला लागतील.” ह्यावर काय बोलणार? जन्मभर डोळ्यांवर पोट भरलेला माणूस मी. घरी आल्यावर मी टॉवेल टाकून बघितला. मेलेल्या बोटांना वाळूवरनं हात फिरवल्यासारखं लागलं. अजूनही मी ब्रेल डोळ्यांनीच वाचतो, चोरून वाचल्यासारखं.

रात्रीचं मात्र त्याला तिथं आवडायला लागलं. घरी दिवेलागण झाली की हा भिंत धरून बसायचा. वसतिगृहात जुलैच्या पावसात रोज वीज जायची, आणि कुणाला पत्ताच लागायचा नाही. गप्पा चालू, जेवण चालू, आंघोळीच्या बादल्यांवरनं भांडण चालू. धडपडायचे ते फक्त वॉर्डन, टॉर्च शोधत. हे सांगताना त्याचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही.

जुलैअखेरीला दोन दिवस घरी आला आणि जाताना सरावाचे कागद विसरून गेला. रात्री मी शाळेनं दिलेला तक्ता समोर ठेवला आणि एकेक अक्षर लावत बसलो. एक-तीन-चार, म. एक-दोन-तीन-पाच, र. पुढं परत तेच. म, र. अख्ख्या ओळीत तेच. मर, मर, मर, मर. बायकोला दाखवलं, तिचा हात तोंडावर. रात्री साडेनऊला मी वॉर्डनला फोन लावला, पोराला बोलवा म्हटलं. पोरगं झोपेतनं उठून आलं.

“काय लिहिलास रे हे? कोण काय बोललं तुला?”

“कुठं काय?”

“मर मर म्हणून पानभर लिहिलास!”

पलीकडं जरा वेळ शांत. मग, “बाबा, मर म्हणजे झाड. कन्नडमधलं. पहिल्या धड्यात हाय.”

मर म्हणजे झाड हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ‘मर’ लिहिलेला लाकडाच्या वखारीचा बोर्ड मी स्वतः रंगवलाय. पण माझ्याच पोराच्या हातचं म्हटल्यावर ते मराठीतच वाचलं. बायकोनं मला आठ दिवस ‘झाड’ म्हणून हाक मारली.

त्यावरनं हेका घेतला की आपणही लिहायला शिकायचं. सरांनी एक जुनी ब्रेलची पाटी दिली. पाटी म्हणजे बिजागरीची दोन पत्र्यांची चौकट. मधे जाड कागद अडकवायचा, वरच्या पत्र्याला चौकोनी खिडक्या, आणि लाकडी मुठीच्या टोच्यानं एकेक ठिपका दाबायचा. पोचे खाली पडतात, फोड पलीकडच्या बाजूला उठतात. रात्री दुकान बंद करून टक् टक् करत बसायचो. दोन अक्षरांचंच ठरवलं. ब म्हणजे एक-दोन, आ म्हणजे तीन-चार-पाच, परत ब, परत आ. बाबा. टोकाला टोक, एकही ठिपका फाटला नाही. बावीस वर्षांचा हात आहे शेवटी.

रविवारी नेऊन दिला कागद. त्यानं बोट फिरवलं. थांबला. परत पहिल्यापासनं फिरवलं. “घ... भ... घ... भ...” आणि पोट धरून हसायला लागला. शेजारच्या पोरानं कागद ओढून घेतला, त्यानंही वाचलं, तोही. दोन मिनिटांत अख्खी खोली ‘घभघभ, घभघभ’ करत होती.

झालं काय, तर पाटीवर उजवीकडनं डावीकडं लिहायचं असतं, आणि ठिपकेही उलटे. कागद पालटला की सुलटं होतं. मी डावीकडनं, सुलटं लिहिलं. त्यामुळं एक-दोनचे झाले चार-पाच, ब चा भ. तीन-चार-पाचचे झाले एक-दोन-सहा, आ चा घ. आणि ओळ शेवटाकडनं सुरू झाली. सोसायट्यांच्या, सोनारांच्या काचेवर आतल्या बाजूनं उलटी अक्षरं रंगवायची, म्हणजे बाहेरनं सुलटी दिसतात, हे काम मी पोराच्या जन्माआधीपासनं करतोय! आणि कागदावर एवढं सुचू नये? तेव्हापासनं मी वसतिगृहात घभघभ. वॉर्डनसुद्धा फोनवर विचारतात, “घभघभ का? ऊटा आतेन?” म्हणजे जेवण झालं का?

दसऱ्याच्या सुट्टीला आला तेव्हा हातात पांढरी काठी होती. म्हणजे ट्रंकेत होती. बसमधनं उतरताना त्यानं काढली नाही. गल्लीत काठी धरायला तयार नाही. “म्हातारा हाय काय मी?” आज्जीला कळेल, पोरं बघतील, सगळं आलं. मी जोर केला नाही. मलाही, खरं सांगायचं तर, ती गल्लीत उघडलेली नको होती. सीमोल्लंघनाला संध्याकाळी सगळे सोनं वाटायला निघाले, आणि हा उंबऱ्यात उभा, बाहेर अंधार पडलेला. बराच वेळ तसाच. मग आत गेला आणि काठी घेऊन आला. डावा पाय पुढं तेव्हा टोक उजवीकडं, उजवा पुढं तेव्हा डावीकडं. टक्, टक्. आपट्याची पानं खिशात. शेजारच्या काकांच्या दारात जाऊन “सोनं घ्या” म्हणाला. काका काठीकडं बघत राहिले आणि पानं घ्यायची विसरले. आई ओसरीवर उभी राहून सगळं बघत होती. त्या रात्री तिनं गाजराचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी काढलं.

सुट्टी संपली, दुसरं सत्र सुरू झालं. आम्ही परत ट्रंक घेऊन बसमध्ये. झाकणावरचा माझा मोर एव्हाना खरवडून गेला होता, सुतळी तेवढी जाग्यावर. बायकोनं बेसनाचे लाडू स्टीलच्या डब्यात भरून दिले होते, आणि डबा कुणाचा ते कळावं म्हणून मी झाकणावर जाड कागदाची पट्टी चिकटवली होती. ह्या वेळी उजवीकडनं डावीकडं, आरशात धरून तपासलेली.

पोरगं कपडे कडीला अडकवत होतं. तेवढ्यात शेजारच्या कॉटवरचं पोरगं, सौंदत्तीकडचं, मराठीचा गंध नसलेलं, वासावर सरकत आलं. डब्यावर हात पडला. बोट पट्टीवरनं डावीकडनं उजवीकडं गेलं, एकदा, दोनदा.

“बा... बा,” त्यानं वाचलं, आणि तोंड वर करून विचारलं, “एल्लिगे?”

कुठं येऊ?

“ऊटक्क,” माझ्या पोरानं सांगितलं, आणि डब्याचं झाकण काढलं.